चौदा, एकशे बत्तीस, दोनशे सात

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दादाला बारा दिवस पालथं पडून राहायला सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं, आणि मग हसल्याबद्दल स्वतःचाच राग आला. ऑपरेशन करताना डोळ्यात कसलासा हवेचा बुडबुडा सोडला होता म्हणे. तो आपलं काम करेपर्यंत मान वर करायची नाही, वाचायचं नाही, स्क्रीनचं तर नावच काढायचं नाही. दुसरा डोळा लहानपणापासून अधू. चष्मा काढला की दादाला समोर उभी असलेली वहिनीसुद्धा आवाजावरून ओळखावी लागते. म्हणजे डोळ्यांवाचून दिवस कसा काढायचा, या विषयात आमच्या घरात माझ्याइतका अनुभव कोणालाच नव्हता, आणि सल्ला मात्र मला कोणी विचारत नव्हतं.

मी जन्मापासून आंधळी. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला चुकचुकायला नको. ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासते, सव्वीस वर्षं झाली. माझ्या कीबोर्डखाली एक पट्टी आहे. स्क्रीनवर जी ओळ असेल ती त्या पट्टीवर ठिपक्यांनी वर येते आणि मी ती बोटांनी वाचते. छापखान्याचं मशीनही, म्हणजे सगळ्यांचा मिळून असलेला कॉम्प्युटर, नशिबानं जुन्या वळणाचं आहे. टाइप करून हुकूम द्यायचा, टाइप केलेलंच उत्तर घ्यायचं. चित्रं नाहीत, माऊस नाही. अशा मशीनसमोर डोळस माणूस आणि मी सारखेच, खरं तर मीच थोडी पुढे, कारण मला कळांकडे बघत बघत टाइप करायची खोड नाही.

हे मशीन दादा सांभाळतो. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. छापखान्यात त्याला सगळे दादा म्हणतात ते माझ्यामुळे, आणि मला सगळे टिंबू म्हणतात ते त्याच्यामुळे. माझं खातं उघडताना त्यानं लॉगिनला कोणतं नाव हवं हे विचारलंसुद्धा नाही, घरचं नाव ठोकून मोकळा झाला. पन्नाशीच्या बाईला सगळा छापखाना टिंबू म्हणतो, आणि नवीन आलेली पोरं तर टिंबूमॅडम म्हणतात. ते जास्त वाईट.

आता थोडं मशीनचं सांगायला हवं, कारण आमचं भांडण तिथलंच आहे. त्यावर प्रत्येकाचं खातं वेगळं, पण सगळ्यांच्या वर एक मालक असतो. त्याला रूट म्हणतात. रूटला कोणाचंही पुस्तक उघडता येतं, पुसता येतं, अख्खं मशीन एका ओळीत रिकामं करता येतं, आणि मशीन त्याला ‘नक्की ना?’ असं विचारतसुद्धा नाही. मालकाची ताकद मिळवायचे दोन सरळ रस्ते. एक ‘सू’. त्यात मालकाचा पासवर्ड टाकायचा आणि आपणच मालक होऊन बसायचं. मग आत काय काय केलं ते सगळं रूटच्या नावावर. दुसरा ‘सुडू’. त्यात आपण आपणच राहायचं, आपलाच पासवर्ड टाकायचा आणि एका कामापुरती मालकाची ताकद मागायची. त्यासाठी मालकानं आधी आपलं नाव एका यादीत घातलेलं असावं लागतं, आणि मग कोणी, कधी, काय केलं ते नावानिशी नोंदलं जातं.

आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे यादीबिदी काही नव्हती. रूटचा पासवर्ड चौघांना ठाऊक होता. दादाला, मला, तेव्हाच्या मॅनेजरांना आणि एका टायपिंगवाल्याला. ज्याला काम पडेल तो थेट रूट होऊन आत शिरायचा. एका सोमवारी सकाळी इतिहासाचा तिसरा भाग मशीनवरून गायब झाला. सात महिने मी तपासलेला. कोणीतरी काहीतरी पुसायचा हुकूम टाइप करताना मधे एक रिकामी जागा जास्त सोडली असेल आणि त्याबरोबर सगळं गेलं असेल. नोंद बघितली तर एवढंच होतं की शनिवारी रूटनं पुसलं. रूट म्हणजे कोण? चौघांपैकी कोणीही.

कोणी तोंडावर काही बोललं नाही. लोक फार सभ्य असतात. पण आंधळ्या माणसासमोर लोक हळू आवाजात बोलतात ना, ते त्याला जास्त स्पष्ट ऐकू येतं. ‘दिसत नाही बिचारीला, चुकून दाबलं गेलं असेल.’ ‘तिला तरी काय बोलणार?’ खापर फोडायचं आणि वर कीव करायची, म्हणजे भांडायलाही जागा नाही. मी ते केलं नव्हतं. त्या शनिवारी मी रूट झालेच नव्हते. पण हे सिद्ध करायला माझ्याकडे काय होतं?

आणि त्याच सोमवारी संध्याकाळी दादानं पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड त्यानं कोणालाच दिला नाही. मलाही नाही.

झालं. लोकांना हवा तो पुरावा मिळाला. ‘सख्ख्या बहिणीकडून काढून घेतला, म्हणजे समजून घ्या.’ मीही तेच समजले. इतिहासाचा तिसरा भाग मी पुन्हा पहिल्या पानापासून तपासला आणि दादाला एका शब्दानं विचारलं नाही. नाकावर राग असलेल्या माणसांची हीच पंचाईत असते. लहान गोष्टींवर आम्ही आकाशपाताळ एक करतो आणि जे खरंच लागतं ते गिळून बसतो.

गंमत अशी की तो नवा पासवर्ड मला आठवड्याभरात कळला.

दादाचं टेबल माझ्या टेबलाला लागून. पासवर्ड टाकताना तो भिंतीकडे वळायचा, एक हात आडवा धरायचा, कोणी जवळून गेलं तर खोकायचा. सगळ्यांच्या नजरेपासून जपायचा. माझ्यापासून जपायची त्याला गरजच वाटली नाही. मी आंधळी ना! जन्मभर माझ्याबरोबर राहिलेल्या माणसानं ही चूक करावी, याला काय म्हणायचं? त्याच्या प्रत्येक कळेचा आवाज मला वेगळा कळतो. आधी दोन कळा, मग थांबा. मग तीन, पुन्हा थांबा. मग आणखी तीन. सगळ्या वरच्या ओळीतल्या, म्हणजे आकडे. शून्याची कळ त्याच्याकडे जरा अडकून खटकन बसते, ती सातव्या ठिकाणी बसायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी माझा तपासायचा हात पट्टीवर तसाच थांबला.

मी सहा वर्षांची असताना दादा मला शाळेत न्यायचा. हाताला धरून पावलं मोजायचा, मोठ्यानं, रस्त्यातल्या लोकांची पर्वा न करता. पायरीपासून फाटकापर्यंत चौदा. फाटकापासून वळणापर्यंत एकशे बत्तीस. वळणापासून शाळेच्या दारातल्या घंटेपर्यंत दोनशे सात. महिनाभर असं घोकून घेतलं आणि एक दिवस फाटकाशी माझा हात सोडला. म्हणाला, जा. मी गेले. तो पाठोपाठ येत होता. त्याची एक चप्पल फटफटायची, ती सगळ्या वाटेभर माझ्या मागे फटफटत होती. घंटेपाशी पोचल्यावर मी मागे वळून काही बोलले नाही. त्याला वाटत होतं, तो मागे आहे हे मला कळलं नाही, तर वाटू दे म्हटलं.

तर हा पासवर्ड. आठ वर्षं मी तो जवळ बाळगून होते आणि एकदाही वापरला नाही. खरं तर तो बरोबर आहे की नाही हेही मला पक्कं ठाऊक नव्हतं. खात्री करायची म्हणजे एकदा टाकून बघायचा, आणि नेमकं तेच मला करायचं नव्हतं. मला तो त्याच्या हातून हवा होता.

तर दादाच्या डोळ्यापुढे एका सोमवारी कामावरच काळा पडदा सरकायला लागला. डॉक्टर म्हणाले, थांबायचं नाही, बुधवारी ऑपरेशन. मंगळवारी संध्याकाळी त्यानं घाईघाईत मला बोलावलं आणि सांगितलं, “टिंबू, तुला यादीत घातलंय. तुझी ब्रेल पट्टी बंद पडली तर तुझी तुला परत चालू करता येईल.”

“आणि?”

“आणि काय?”

“आणखी काय काय करता येईल मला?”

“एवढंच. बाकी काही लागणार नाही बारा दिवस.”

सव्वीस वर्षांची नोकरी, आणि मला मिळालं काय, तर माझं स्वतःचं यंत्र बंद करून चालू करायची परवानगी. मी म्हटलं, “फार उपकार झाले.” दादा काहीतरी बोलणार होता. मी काठी उघडली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी त्याला ऑपरेशनला आत नेईपर्यंत मी त्याचा हात धरून होते, पण रुसवा तसाच होता. दोन्ही एकदम करता येतं, ज्यांना सख्खा भाऊ आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्या बुधवारी दुपारी तीन वाजता हॉलमधलं छपाईचं यंत्र थांबलं. ते जाड कागदावर ठिपके ठोकतं तेव्हा पायाखालची फरशी हलते. ते थांबलं की छापखान्यात कोणीतरी गेल्यासारखी शांतता होते. गणिताचा दुसरा भाग चालला होता. सोमवारी शाळा उघडणार, आणि चाळीस मुलं त्याची वाट बघत होती. माझ्या पट्टीवर एकच ओळ वर आली होती. डिस्कवर जागा शिल्लक नाही.

कारण मला दोन मिनिटांत सापडलं. इतिहासाचा भाग गेल्यापासून दादानं धसका घेतला होता. मशीन रोज रात्री प्रत्येक पुस्तकाची प्रत काढून ठेवायचं, आणि दर शनिवारी दादा स्वतः रूट होऊन जुन्या प्रती एकेक तपासून हातानं पुसायचा. हे काम त्यानं मशीनला शिकवलं नव्हतं, कारण पुसण्याच्या बाबतीत त्याचा मशीनवर विश्वास नव्हता. पण आपण पालथे पडणार तर शनिवारी हे करणार कोण, हे तो सांगायला विसरला. ही फक्त त्यालाच सुचू शकणारी चूक.

काय करायचं ते मला कळत होतं. महिन्याआधीच्या प्रती पुसायच्या, बस. मी सुडू लावून हुकूम दिला. मशीननं उत्तर दिलं की माफ करा, टिंबूला हे करायची परवानगी नाही. मशीन अगदी दादासारखं बोलतं.

मग मी सू टाइप केलं.

पट्टीवर आलं, पासवर्ड. पुढे रिकामी जागा. माझी करंगळी एकच्या कळेवर जाऊन बसली. आठ कळा दाबायच्या, चार मिनिटं काम करायचं आणि बाहेर यायचं. यंत्र चालू झालं असतं, मुलांना पुस्तक मिळालं असतं, आणि दादा परत आल्यावर त्याला कळलं असतं की बहीण त्याच्या पाठीमागे मालक होऊन आली. चार मिनिटांत मी आत काय काय केलं, याचा तपशील पुन्हा रूटच्याच नावावर गेला असता. पुन्हा उद्या काही गेलं तर? पुन्हा तेच हळू आवाज. मी कंट्रोल आणि सी दाबलं आणि बाहेर पडले.

मॅनेजरबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या स्वभावानं चांगल्या, पण सदा घाईत.

“टिंबूमॅडम, मी बाहेरच्या एका माणसाशी बोलले. तो म्हणतो मशीन बंद करून पेन ड्राइव्हवरून चालू केलं की रूटचा पासवर्ड दहा मिनिटांत नवा टाकता येतो. जुना लागतच नाही.”

“लागत नाही, खरंय,” मी म्हटलं. मशीनला हात लावता येत असेल तर हा तिसरा रस्ता असतो, कुलूपच उचकटायचं. “पण मग दादा परत येईल तेव्हा?”

“तेव्हा त्यांना नवा सांगू की. अहो, कोणाचा अपमान करायचा नाहीये मला. पण त्यांना पासवर्ड फोनवर विचारला तर ते म्हणाले फोनवर सांगणार नाही. आता मी काय करू? उद्या सकाळी दहाला तो माणूस येतोय.”

मला दादाचं येणं डोळ्यांसमोर आलं. हो, माझ्याही डोळ्यांसमोर येतं. बारा दिवस संपले की तो येणार, भिंतीकडे वळणार, हात आडवा धरून ते आठ आकडे टाकणार, आणि मशीन त्याला ओळखणार नाही. तीस वर्षं त्यानं मशीनवरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली आहे. मला त्याचा कितीही राग आला असला तरी हे मी होऊ देणार नव्हते.

“मला आज संध्याकाळपर्यंत वेळ द्या,” मी म्हटलं. लॅपटॉप आणि त्याला जोडायची माझी लहान ब्रेल पट्टी पिशवीत घातली आणि दादाच्या घरची बस पकडली.

वहिनीनं दार उघडलं. “बरं झालं आलीस. दुपारपासून माझं डोकं खातोय. उशीला तोंड लावून बोलतो, अर्धं कळत नाही, आणि नाही कळलं तर चिडतो.”

“खातोय काय काय?”

“मगाशी सांगितलं ना, डोकं.”

दादा पलंगावर आडवा पालथा पडला होता. उशीला मधोमध भोक, त्यात तोंड, आणि दोन्ही हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होते. हे मी हातानं चाचपून घेतलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवताना केस फार विरळ लागले. याआधी कधी मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता ते आठवेना.

“टिंबू,” उशीतून आवाज आला. “जागा संपली ना? शनिवारचं मी विसरलो.”

“संपली. आणि उद्या दहाला बाईंचा माणूस कुलूप उचकटायला येतोय.”

त्यानं चाचपडत माझं मनगट धरलं. मग म्हणाला, “कान इकडे आण. तुला सांगतो पासवर्ड. सू करून जा, पुसून टाक, बाहेर ये.”

आठ वर्षं ज्याची वाट बघितली ते असं उशीतून, नाइलाजानं आलं. माझा राग उफाळून वर आला.

“नको सांगूस. मला ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“चौदा, एकशे बत्तीस, दोनशे सात.”

वहिनी स्वयंपाकघराकडे निघाली होती, तिची पावलं थांबली. दादानं मान उचलायला बघितली तशी मी ती दाबून धरली. “मान वर करायची नाही!”

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“तू बदललास त्याच आठवड्यापासून. भिंतीकडे तोंड करून काय उपयोग? मी काय डोळ्यांनी ऐकते?”

“मग आज दुपारीच का नाही वापरलास?”

“तू दिला नव्हतास म्हणून.” माझा आवाज फुटला, त्याची मला लाज वाटली नाही. “दादा, आठ वर्षांपूर्वी तू माझ्याकडून काढून घेतलास. तुलाही वाटलं ना, की इतिहास मीच पुसला?”

“वेडी आहेस का?” तो उशीत ओरडला. “मला एक क्षणभरही तसं वाटलं नाही. लोक तुझं नाव घेत होते ते मला ऐकू येत होतं. म्हटलं, तुझ्याकडे पासवर्डच नसला तर पुन्हा काही झालं तर कोणाला तुझ्याकडे बोट दाखवता येणार नाही. तुला वाचवायला काढून घेतला.”

“आणि झालं काय? लोक म्हणाले, भावानंच शिक्का मारला.”

“ते मला दोन महिन्यांनी कळलं.”

“मग?”

“मग तुला सांगायचं कसं ते कळेना.”

“तोंडानं सांगतात, दादा. मी आंधळी आहे, बहिरी नाही.”

वहिनीला हसू आवरेना. मग दादाही हसायला लागला, आणि हसताना डोकं हललं म्हणून मी पुन्हा दाबलं. हसता हसता त्याचा श्वास वेगळाच यायला लागला. त्याचा खाली लोंबणारा हात मी हातात घेतला. बोटं गार पडली होती. तो म्हणाला, “चुकलंच माझं, टिंबू. फार मोठं चुकलं.” मी म्हटलं, “हो, चुकलं.” उगाच मोठेपणा दाखवून ‘जाऊ दे’ म्हणणं माझ्या जिवावर आलं होतं. पण हात सोडला नाही.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “मग आता काय? पासवर्ड तुझ्याकडे आहेच. कर सू.”

“नाही करणार. मला यादीत नीट घाल. सगळ्या कामांसाठी.”

“अगं, पासवर्ड असताना यादी कशाला? मालक होता येतंय तर...”

“मला मालक नाही व्हायचं. मालक झालं की माझं नाव पुसलं जातं. मी बरोबर केलं तर रूटनं केलं, चुकलं तर कोणीतरी केलं, आणि ते कोणीतरी म्हणजे मग मीच. मला टिंबू म्हणूनच करायचंय. चुकलं तरी टिंबूनं चुकवलं असं लिहिलेलं असू दे. मग ज्याला बोलायचं असेल त्यानं तोंडावर बोलावं.”

 दादानं खाली लोंबणाऱ्या हातांची बोटं कळा दाबल्यासारखी हलवली. “आण कीबोर्ड.”

वहिनीनं एक बुटकं स्टूल त्याच्या हातांखाली सरकवलं. लॅपटॉप त्यावर, आणि माझी पट्टी माझ्या मांडीवर. मी तिथूनच छापखान्याच्या मशीनवर शिरले आणि सू टाइप केलं. “आता तू टाक,” मी म्हटलं. “तुझ्या हातानं.”

दोन. थांबा. तीन. थांबा. तीन. मशीननं नाकारलं. आंधळेपणी टाइप करणं दादाला जन्मात माहीत नव्हतं, बोटं एका घरानं सरकली होती. मी त्याची दोन बोटं धरून मधल्या ओळीतल्या दोन कळांवर ठेवली. “इथे बारीक उंचवटा लागतोय? दोन्ही बोटं इथे ठेवायची आणि इथून मोजायचं. वरची ओळ दोन घरं वर.”

“हा उंचवटा कशाला असतो?”

“तीस वर्षं कीबोर्ड बडवतोयस आणि आज विचारतोयस? तुझ्यासारख्यांसाठीच असतो.”

या वेळी तो पुटपुटत होता. चौदा. एकशे बत्तीस. दोनशे सात. मी सहा वर्षांची असताना जसं म्हणायचा तसंच, शेवटच्या आकड्यावर जरा जोर देऊन, कारण तिथे घंटा असायची. दार उघडलं.

यादी उघडायचा एक खास हुकूम असतो. त्यात काही चुकीचं लिहिलं तर तो ते जतनच करू देत नाही. दादा टाइप करत होता, मी पट्टीवर वाचत होते. “माझं नाव चुकलं. एक अक्षर मागे. अजून एक. हां, आता लिही.” त्यानं टिंबू लिहिलं आणि पुढे ‘सर्व’. एकाच कामाची जुनी ओळ पुसताना म्हणाला, “ही द्यायलाच नको होती.” मी म्हटलं, “पुस लवकर.” पहिल्या खेपेला मशीन म्हणालं चूक आहे, दुसऱ्या खेपेला मान्य झालं.

मग तो रूटमधून बाहेर पडला आणि कीबोर्ड मी घेतला. महिन्याआधीच्या प्रतींची यादी काढली, दोनदा वाचली, तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचून दादाला ऐकवली. सुडू लावलं, माझा स्वतःचा पासवर्ड टाकला आणि पुसून टाकलं. नंतर नोंद उघडून बघितली. टिंबू, सहा वाजून बेचाळीस मिनिटं, जुन्या प्रती पुसल्या. मी ती ओळ बोटांनी चारपाच वेळा वाचली. तिच्यात वाचण्यासारखं फार काही नव्हतं, पण माझं बोट तिथून हलेना.

मॅनेजरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, थांबा, बघते. मग फोनमधून ती धडधड ऐकू आली, गणिताचा दुसरा भाग पुन्हा कागदावर उतरायला लागला होता. दादाला ऐकू जावं म्हणून मी फोन उशीजवळ धरला. “उद्याच्या माणसाला नाही म्हणून सांगते,” बाई ओरडून म्हणाल्या.

वहिनी चहा घेऊन आली. दादाला नळीनं प्यावा लागत होता आणि तो त्यावरूनही कुरकुरत होता. मधेच म्हणाला, “टिंबू, एक विचारू? त्या दिवशी फाटकाशी तुझा हात सोडला होता... मी तुझ्या मागून आलो होतो घंटेपर्यंत. तुला सांगायचं राहिलंच.”

“तुझी डावी चप्पल फटफटत होती.”

“म्हणजे तुला...”

“मला तेव्हाच कळलं होतं. बरं वाटलं होतं.”

यावर दादा नळीतून चहा ओढत राहिला. कप रिकामा झाला तरी ओढत राहिला.

कप उचलला गेल्यावर मी लॅपटॉप पुन्हा त्याच्या हातांखाली सरकवला. “आता रूटचा पासवर्ड बदल.”

“का? तुझ्यापासून काय लपवायचंय आता?”

“लपवायचं म्हणून नाही. तो तुझा आहे. मला माझा मिळाला. आणि शाळेच्या वाटेचे आकडे कोणी पासवर्डला ठेवतं का? कोणाच्याही लक्षात येतील.”

“आजपर्यंत तुझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आले?”

“बदल म्हटलं ना.”

त्यानं उंचवटे शोधले आणि बोटं जागेवर ठेवली. मी दोन्ही हातांचे तळवे कानांवर घट्ट दाबले. तरीही स्टूलला टेकलेल्या गुडघ्यातून कळांचे ठोके जाणवत होते, एक, दोन, तीन, मग थांबा. मी पाय वर उचलले, खुर्चीवर मांडी घालून बसले आणि तो हातानं मला हलवेपर्यंत तशीच बसून राहिले.